रोड बाईक घ्यायचीय: दुकानदार तुमचं माप घेतो का?

चाकोरी | शनिवार, ७ फेब्रुवारी २०२६, सकाळी ८:१२

जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली तेव्हा मुलाला घेऊन रस्त्याच्या कडेला उभा होतो. सायकलींचा घोळका समोरून गेला, वाऱ्याचा झोत अंगावर आला आणि काही सेकंदांत सगळं संपलं. मुलगा म्हणाला, "बाबा, परत येतील का?" तेव्हापासून डोक्यात दुसरा विषय नाही.

वय ४३, उंची ५ फूट ६ इंच, वजन ७६. सहा वर्षं हायब्रिड (सरळ हँडलची सायकल) चालवतोय. रविवारी खडकवासला, जोर असेल तर डोणजे फाट्यापर्यंत. आता रोड बाईक, म्हणजे खाली वळलेल्या ड्रॉप हँडलची वेगाने जाणारी सायकल, घ्यायची ठरवलीय. बजेट ६५ ते ७० हजार, पुढेमागे २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) करायची इच्छा आहे.

गेल्या दोन शनिवारी तीन दुकानं पालथी घातली.

पहिलं मोठं शोरूम. गेल्या गेल्या ५६ मापाची (फ्रेमचं माप, सेंटीमीटरमध्ये) सायकल पुढे केली. बसलो तर हँडल कुठल्या कुठे! "सीट खाली घेऊ की सर, दोन दिवसांत सवय होते." मी कां कू करायला लागलो तसं, "शेवटचा पीस आहे, ८ हजार कमी करतो."

दुसऱ्या दुकानात चालवून बघू का म्हटलं तर, "टायर खराब होतात, आम्ही चालवायला देत नाही." ७० हजारांची वस्तू नुसती बघून घ्यायची?

तिसरं दुकान म्हणजे एक लांबट गाळा. मालक स्वतःच मिस्त्री, हात ग्रीसने काळे. किंमत सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, "कुठे चालवणार? पाठीचं, गुडघ्याचं काही दुखणं?" मग बूट काढायला लावले, भिंतीला पाठ लावून उभं केलं, दोन पायांत एक जाड वही धरायला दिली आणि जमिनीपासून टेपने मोजलं. ७८ सेंटीमीटर. हाताची लांबीही घेतली. म्हणाले, "तुमचं माप ५२. आत्ता माझ्याकडे नाही. बारा दिवस लागतील, ५ हजार ॲडव्हान्स." सूट शून्य.

घरी बायकोचा सरळ प्रश्न: "तिकडे ८ हजार कमी होतायत, तर इकडे का?" मला उत्तर जाणवतंय, पण नीट मांडता येत नाही. तुमचे अनुभव सांगा. मापाने खरंच इतका फरक पडतो का? आणि सायकल घरी आल्यावर दुकान किती कामाला येतं?

---

टेकडीवाला | ८:३१

५६ घेऊ नका. विषय संपला.

---

सह्यवारा | ९:०५

टेकडीवाला, विषय संपला नाही, आत्ता सुरू झालाय. मी हाच मार खाल्लेला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

२०१८ मध्ये मी अशीच "शेवटचा पीस" म्हणून एक माप मोठी सायकल घेतली. उंची ५ फूट ५. दुकानदाराने सीट खाली घेतली आणि पाय व्यवस्थित पोहोचले. मलाही वाटलं, झालं काम. पण सीट खाली घेऊन उंची जुळते, लांबी जुळत नाही. हँडल तेवढंच लांब राहतं. मग माणूस ताणून बसतो, कोपर सरळ राहतात, सगळा भार तळहातावर.

पहिले ४० किमी काही कळलं नाही. ८० नंतर मान आखडायची. १०० च्या पुढे डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. तळहाताच्या कडेने जी नस जाते ती दाबली जाते. पहिल्या २०० च्या बीआरएममध्ये १४० किमीला सोडून दिलं. वेळ भरपूर होता (साडेतेरा तास मिळतात), पायात ताकद होती, पण ब्रेक दाबताना बोटांना काही जाणवत नव्हतं. खंबाटकी त्या हातांनी उतरायची माझी हिंमत झाली नाही.

मग हँडलला फ्रेमशी जोडणारी नळी, म्हणजे स्टेम, १०० मिलिमीटरची काढून ७० ची लावली. लांबी थोडी कमी झाली, पण सायकल उतारावर नको तितकी चटकन वळायला लागली. दीड वर्षात निम्म्या किमतीला विकली. तेव्हा चाकोरी, घरी सांगा की ते ८ हजार कमी होत नाहीयेत, पुढे भरायचेत.

---

चाकोरी | ९:२०

सह्यवारा, हे वाचून दाखवलं. "मग बारा दिवस थांबा" असा निकाल आलाय. पण धागा चालू ठेवा, अजून बरंच विचारायचंय.

---

दोनचाकी | १०:४४

मी थोडा वेगळा सूर लावतो. छोटा गाळा, काळे हात म्हणजे सगळं चांगलंच, असं धरून चालू नका.

माझी पहिली रोड बाईक मी डेकॅथलॉनमधून घेतली, ट्रायबन. तिथल्या मुलीने उंची विचारून तक्ता काढला, दोन मापं समोर आणून ठेवली, दुकानातल्या मोकळ्या जागेत दोन्हींवर फेऱ्या मारू दिल्या. कसलीही घाई नाही. चार वर्षं झाली, दहा हजार किमी झाले. याउलट आमच्या भागातल्या एका छोट्या दुकानदाराने माझ्या मित्राला ९ स्पीडची म्हणून ८ स्पीडची सायकल गळ्यात मारली. मित्राने मागच्या चाकाच्या चकत्या मोजल्या तेव्हा कळलं.

दुकान मोठं की छोटं याला महत्त्व देऊ नका. समोरचा माणूस आधी तुमच्याकडे बघतो की स्टॉककडे, एवढं बघा.

---

साखळी | ११:०२

दोनचाकी +१. आणि मोजायची पद्धत नवीन मंडळींसाठी लिहून ठेवते: शिमानो या कंपनीच्या गिअरमध्ये खालच्या पायरीवर क्लॅरिस, मागे ८ चकत्या. सोरा ९, टियाग्रा १०. त्यावर १०५, ती ११ किंवा १२. नाव गिअरच्या लिव्हरवर आणि मागच्या डेरेलरवर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) छापलेलं असतं. दोन्हीकडे वाचा. बऱ्याच सायकलींवर डेरेलर चांगला दाखवतात आणि क्रँक (पायडलचा दांडा), ब्रेक, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) हलक्या दर्जाचे लावतात.

---

बोपदेव | १२:३७

ऑनलाइनवाल्यांचं कोणी बोललं नाही अजून. मी बोलतो.

लॉकडाऊन उठल्यावर २०२० मध्ये कुठेच सायकल मिळेना. दुकानात विचारावं तर सहा-सहा महिन्यांची यादी. शेवटी ऑनलाइन मागवली. खोकं आलं. पुढचं चाक, हँडल, सीट, पायडल सुटे. सोबत एक ॲलन की आणि एक कागद. भावाच्या मदतीने जोडली.

पहिली चूक: डावं पायडल उजवीकडे फिरवून आवळत बसलो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे मला माहीत नव्हतं. जोर लावला आणि क्रँकचे आटे गेले. नवीन क्रँक आर्म.

दुसरी चूक याहून मोठी. आठवडाभर चालवल्यावर कॅनॉलवर एक अनोळखी गृहस्थ थांबले, म्हणाले, "दादा, तुमचा फोर्क उलटा बसलाय." फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा. ब्रेक पुढे असायला हवा होता, तो मागे फ्रेमच्या खालच्या नळीकडे होता. फोर्कचा बाक मागच्या बाजूला. सात दिवस मी तशी सायकल चालवत होतो आणि सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो होतो! त्या गृहस्थांनी तिथेच खिशातली ॲलन की काढून हँडल सैल केलं, फोर्क फिरवला, पुन्हा आवळून दिला. नाव विचारायचं राहून गेलं. हा प्रतिसाद वाचत असतील तर नमस्कार.

---

टेकडीवाला | १२:४५

बोपदेव, उलट्या फोर्कवर घाट चढायच्या आधी गाठ पडली हे देवाचे आभार. ही वस्तू खोक्यातून यायची नाही, कोणीतरी जोडून, चालवून, ऐकून मग द्यायची आहे.

---

मुक्ताई_सांगली | दुपारी २:१८

बायकांचा अनुभव कोणी विचारला नाही, पण सांगते.

माझी उंची ५ फूट १. मी आणि नवरा दुकानात गेलो. सायकल मला हवी होती. नवऱ्याला स्कूटरशिवाय काही येत नाही. दुकानदार पहिली दहा मिनिटं नवऱ्याशी बोलत होता. मी "रोड बाईक" म्हटल्यावर त्याने पुढे बास्केट असलेली गुलाबी सायकल काढली. मी म्हटलं, मला ड्रॉप हँडल हवंय. तो नवऱ्याकडे बघून म्हणाला, "मॅडमना वाकून चालवायला जड जाईल." त्या वर्षी मी पाच वेळा सिंहगड चढले होते, हायब्रिडवर.

आमचे हे शांत माणूस आहेत. ते एवढंच म्हणाले, "मला काही कळत नाही, त्या सांगतील ते द्या," आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

त्या दुकानातून घेतली नाही. दुसरीकडे गेले तिथे एका तरुण मिस्त्रीने माझं माप ४७-४८ काढलं. छोट्या मापात एक गोष्ट बघावी लागते, ती त्याने स्वतःहून दाखवली: हँडल वळवलं की बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं का. थोडं लागत होतं. त्याने सांगितलं की वेगात काही होत नाही, पण सिग्नलला हळू वळताना लक्ष ठेवा. शिवाय ब्रेकचे लिव्हर माझ्या बोटांना लांब पडत होते, ते आतल्या स्क्रूने जवळ आणून दिले. हा स्क्रू असतो हे कित्येकांना माहीत नाही. लहान हात असलेल्यांनी जरूर विचारा. उतारावर लिव्हरपर्यंत बोटं नीट पोहोचतात की नाही, यावर सगळं असतं.

---

साखळी | २:४०

मुक्ताताई, लिव्हरच्या स्क्रूचं सोन्यासारखं सांगितलंत. मी तीन वर्षं बोटं ताणून ब्रेक दाबतेय. आजच बघते.

---

जुनापेठकर | सायंकाळी ५:५२

तुमची चर्चा वाचून जुने दिवस आठवले. रोड बाईकबद्दल मला फार कळत नाही, वय ७१, पण माप या शब्दावर अडकलो.

आमच्या लहानपणी पेठेत कोपऱ्याकोपऱ्यावर भाड्याच्या सायकलींची दुकानं होती. चार आण्याला तास. वहीत नाव, वेळ. आम्ही पोरं उंचीने कमी, दांडीवरून पाय टाकता यायचा नाही म्हणून दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचो. दुकानाचे मालक, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, पोराकडे एकदा वरून खाली बघायचे आणि रांगेतली नेमकी तीच सायकल काढायचे जी त्याला झेपेल. पाना घेऊन सीट खाली करून द्यायचे, पुढचं चाक दोन पायांत धरून हँडल सरळ करायचे, हवा दाबून बघायचे. चार आण्याच्या गिऱ्हाइकासाठी एवढं!

रात्री दिवा नसला तर पोलीस पकडायचा, म्हणून संध्याकाळी सहानंतर डायनॅमो चालतो का तेही तपासून द्यायचे. चाक डुगडुगायला लागलं की "आउट काढायला टाक" म्हणायचे, आणि चाक फिरवत एकेक तार बोटाने वाजवून सैल कुठली ते ओळखायचे. तो टणत्कार अजून कानात आहे.

चाकोरी, ज्याने तुम्हाला भिंतीला उभं करून मापलं तो मामांच्या घराण्यातला आहे. त्याला सोडू नका.

---

सह्यवारा | ६:१०

काका, तारा वाजवून आउट काढणारे अजून आहेत. माझा मिस्त्री तेच करतो, मग ताण मोजायचं मीटर लावतो.

---

नाशिककर_०७ | रात्री ८:३३

ब्रेक डिस्क (चाकाच्या मधल्या चकतीवर दाबणारा) की रिम (चाकाच्या कडेवर दाबणारा), हा प्रश्न विचारलेला नाही, पण पुढच्या दुकानात विचारणारच, म्हणून आत्ताच सांगतो: डिस्क घ्या. पावसाळ्यात ताम्हिणी उतरून बघा, मग पटेल.

---

दोनचाकी | ८:५०

नाशिककर, ६५-७० हजारांत केबलवाली मेकॅनिकल डिस्क मिळते, ऑइलची नाही. पॅड झिजले की ती हाताने जवळ आणावी लागते, नाहीतर लिव्हर हँडलला टेकतो. चांगला रिम ब्रेक हलका, साधा, गावोगावी दुरुस्त होतो.

---

नाशिककर_०७ | ९:०४

गावोगावी दुरुस्त होतो मान्य. पण ओल्या रिमवर पहिला एक फेरा ब्रेक नुसता पाणी पुसतो, तेवढ्यात पुढचा टेम्पो थांबलेला असतो. आमचे नाशिक म्हणजे सायकलींचं गाव, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन बंधूंनी २०१५ ला रेस अक्रॉस अमेरिका पुरी केली तेव्हापासून इथे पोरं पाऊस बघत नाहीत. मी स्वतः एकदा कसारा घाटात रिमवर जीव मुठीत धरून उतरलोय. आता डिस्कशिवाय नाही.

---

टेकडीवाला | ९:१५

यावर स्वतंत्र धागा काढा, तीनशे प्रतिसाद होतील. इथे एकच विचारा: फोर्कमध्ये किती जाडीचा टायर बसतो? पुण्याच्या रस्त्याला २५ मिलिमीटरचा टायर म्हणजे मणक्याला शिक्षा. २८ हवाच, ३२ बसत असेल तर उत्तम. टूरसाठी गुळगुळीत केलेले रस्ते सोडले तर बाकीचे तेच आहेत.

---

पायडलमार | ९:४१

मी ९० हजारांची सायकल घेतली, बिल भरलं, बाहेर आलो. पायडल नाहीत! आत जाऊन सांगितलं तर म्हणाले, "या रेंजमध्ये पायडल येत नाहीत सर, लोक आपापले क्लीटवाले, बूट अडकवायचे, लावतात." घरापर्यंत हातात धरून चालत नेली. सोसायटीच्या वॉचमननी विचारलं, "पंक्चर का?"

सांगायचं एवढंच की विकणाऱ्याने हे आधी सांगायला हवं होतं. पायडल, बाटलीचा पिंजरा, पंप, जादा ट्यूब, दिवे, हेल्मेट धरून वरचे सात-आठ हजार बाजूला ठेवा.

---

मिस्त्री_करवीर | रविवार, ८ फेब्रुवारी, सकाळी ७:२६

मी दुकानदार. कोल्हापुरात एकोणीस वर्षं झाली. आमची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितोय, दुकानाचं नाव देत नाही.

मंडळी, ५६ गळ्यात मारणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. ते चुकीचंच. पण असं का होतं ते समजून घ्या. एका मॉडेलची पाच मापं, दोन रंग. म्हणजे दहा सायकली. ६५ हजारांनी धरलं तर साडेसहा लाख एकाच मॉडेलमध्ये अडकले. माझ्यासारखा माणूस प्रत्येक मापाची एकेक ठेवू शकत नाही. जी दोन-तीन मापं जास्त जातात ती ठेवतो. उरलेली मागवून द्यावी लागतात आणि गिऱ्हाइकाला आजच हवी असते. मग ज्याच्यावर हप्ता आहे तो म्हणतो, "बसेल, सीट खाली घेऊ."

दुसरं. लोक येतात, दीड तास बसतात, माप घेतात, चालवून बघतात, फोटो काढतात, आणि ऑनलाइन ३ हजार कमी मिळाली म्हणून तिकडे घेतात. मग तीच सायकल जोडायला माझ्याकडे आणतात. मी जोडून देतो. नाही म्हटलं तर तो बोपदेवसाहेबांसारखा फोर्क उलटा लावून रस्त्यावर जाईल, ते मला बघवणार नाही. पण मजुरी घेतो, आणि ती सांगितली की चेहरा पडतो.

आता "तयार सायकल" म्हणजे नेमकं काय करतो ते सांगतो, कारण खोक्यातून काढून हँडल सरळ केलं की झालं असं सगळ्यांना वाटतं. मी दोन-अडीच तास देतो. दोन्ही चाकांचा आउट काढतो, कारखान्यातून आलेली तार सारखी ताणलेली नसते. हबचे छर्रे घट्ट असतील तर सैल करून पुन्हा बसवतो. सीटच्या नळीला ग्रीस लावतो, नाहीतर घामाने दोन वर्षांत जाम होते. पायडलच्या आट्यांना ग्रीस. मागचा डेरेलर ज्या पट्टीवर बसतो तो हँगर वाहतुकीत वाकलेला असतो, तो गेज लावून सरळ करतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डेरेलर दोन्ही बाजूंना किती सरकेल ते ठरवणारे हाय-लो स्क्रू. लो स्क्रू चुकला तर चढावर सर्वांत मोठ्या चकतीवर गिअर टाकताना डेरेलर थेट तारांमध्ये जातो. डेरेलर, हँगर, तारा, कधी चाकच, सगळं एका सेकंदात. आणि माणूस रस्त्यावर.

पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरमध्ये केबलची कव्हरं बसतात, वायर सैल वाटते, गिअर खडखडतात. गिऱ्हाईक घाबरतं की सायकल खराब निघाली. खराब नाही. म्हणून पहिली सर्व्हिस फुकट ठेवलेली असते. कृपया तिला या. निम्मे लोक येतच नाहीत!

चाकोरीसाहेब, ज्यांनी तुम्हाला "माझ्याकडे नाही, थांबा" सांगितलं, त्यांनी दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायची तयारी ठेवली. आमच्या धंद्यात ही सोपी गोष्ट नाही.

---

सह्यवारा | ७:५८

मिस्त्री, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा. वाचनखूण साठवली.

---

मुक्ताई_सांगली | ८:२०

करवीरकर मिस्त्री, सांगलीहून कोल्हापूर लांब नाही. पुढची सर्व्हिस तुमच्याकडे. नाव व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) कळवा.

---

लीड्सकर | दुपारी १:१०

इंग्लंडमधून थोडं. इथे १९९९ पासून सायकल टू वर्क नावाची योजना आहे. कंपनी सायकल घेऊन देते, पगारातून करकपातीच्या आधी हप्ता जातो. मीही तशीच घेतली, गल्लीतल्या दुकानातून. मालक म्हणाला की मधली एजन्सी कमिशन कापते, त्यामुळे त्याच्या हातात फार राहत नाही. तरी त्याने मला ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी धरणारा स्टँड) बसवून वीस मिनिटं पायडल मारायला लावलं आणि सीट तीन वेळा हलवली. इतका आपलेपणा मला परक्या देशात पहिल्यांदा सायकलच्या दुकानात मिळाला. तेव्हापासून शनिवारी चहाला तिथे जातो.

---

साखळी | १:३५

अशी योजना आपल्याकडे आली तर आयटीवाले हिंजवडीला सायकलने जातील का?

---

पायडलमार | १:३७

साडेनऊला निघालेल्या गाडीच्या आधी पोहोचतील हे नक्की.

---

हिशेबनीस | सायंकाळी ४:०५

सगळं वाचलं, एक मुद्दा राहिलाय आणि तो पैशांचा आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि सायकलच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. मी ऑक्टोबरमध्ये एका दुकानात गेलो तर कोटेशन जुन्याच किमतीचं. विचारलं तर "जुना स्टॉक आहे, त्यावर जुनाच दर". हे बरोबर नाही. माल कधी आला याला अर्थ नाही, विक्री ज्या दिवशी होते त्या दिवसाचा दर लागतो.

आकडा बघा. १२ टक्के धरून ७० हजार किंमत असेल तर मूळ किंमत ६२,५००. त्यावर ५ टक्के म्हणजे ६५,६२५. फरक ४,३७५ रुपये. म्हणजे ८ हजारांच्या "डिस्काउंट"मधले चार-साडेचार हजार मुळात तुमचेच असू शकतात. चाकोरी, पहिल्या शोरूमची किंमत जुनी होती का ते आठवा.

आणि पक्कं बिल घ्या, त्यावर फ्रेम नंबर लिहून घ्या. तो बहुतेक वेळा क्रँकच्या खाली, तळाला कोरलेला असतो. फ्रेमची वॉरंटी बहुतेक कंपन्या पहिल्या मालकालाच देतात आणि बिल मागतात. चोरी झाली तर पोलिसांतही तोच नंबर लागतो.

---

चाकोरी | ४:५०

हिशेबनीस, कोटेशनचा कागद काढून बघितला. छापील किंमत जुनीच आहे आणि जीएसटीचा रकानाच नाही! बायको म्हणतेय हा प्रतिसाद लिहिणाऱ्यांना आमच्याकडे जेवायला बोलवा.

बाकीच्यांना: आज तिसऱ्या दुकानात जाऊन ॲडव्हान्स देऊन आलो. किंमत ५ टक्क्यांचीच लावलेली होती, न विचारता.

---

जुनापेठकर | ५:१५

शाब्बास.

---

नाशिककर_०७ | ५:२०

डिस्क ना?

---

चाकोरी | ५:२२

डिस्क. मेकॅनिकल. दोनचाकींनी सांगितलेलं लक्षात ठेवून पॅड कसे जवळ आणायचे ते शिकून घेणार आहे.

---

चाकोरी | शनिवार, २८ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

आली! बाराचे सोळा दिवस झाले, पण मिस्त्रींनी दर तीन दिवसांनी स्वतः फोन करून कुठवर आलीय ते सांगितलं.

मंगळवारी बोलावलं. मी पोहोचलो तेव्हा सायकल स्टँडवर टांगलेली होती आणि ते मागच्या चाकाचा आउट काढत होते. जुनापेठकर काका, तारा बोटाने वाजवत होते! मी मुद्दाम काही न बोलता उभा राहिलो आणि ऐकलं.

मग लीड्सकरांनी लिहिलं तसंच, ट्रेनरवर बसवून पंधरा-वीस मिनिटं पायडल मारायला लावलं. ७८ गुणिले ०.८८३ करून सीटची उंची ६८.९ काढली, तिथे लावली, मग माझी टाच आणि गुडघा बघून चार मिलिमीटर खाली घेतली. म्हणाले, "सूत्र सुरुवातीपुरतं. तुमचा घोटा जास्त हलत नाही." हात ब्रेकच्या हूडवर (लिव्हरच्या रबरी मुठीवर) ठेवायला सांगितले, कोपर किती वाकतायत ते पाहिलं, आणि १०० ची स्टेम काढून ९० ची लावली. जुन्या स्टेमच्या बदल्यात, वेगळे पैसे नाहीत. लिव्हरचा स्क्रूही दाखवला. (मुक्ताताई, मी विचारायच्या आधी!)

बिलावर फ्रेम नंबर, ५ टक्के जीएसटी वेगळा, पहिल्या सर्व्हिसची तारीख पेनने.

आज सकाळी पहिली खरी राईड. घरातून पाचला निघालो, खडकवासला, डोणजे, तसाच पुढे पानशेत रस्त्याला थोडा आणि परत. ६२ किमी. हात बधिर नाहीत, मान ठीक. पायांनी मात्र ओळखलं की हे काहीतरी वेगळं आहे. धरणाच्या भिंतीशेजारी उजाडत होतं आणि चाकांच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. थांबून मुलाला फोन लावला, झोपेत होता, तरी पहिला प्रश्न: "त्यांच्यासारखी जाते का?"

बायकोने आज विचारलं की ५ फूट २ ला कुठलं माप लागतं. मुक्ताताई, तुमच्याशी बोलायला लावतो.

---

मुक्ताई_सांगली | १२:५५

लावा! आणि बास्केट दाखवली तर सरळ बाहेर पडायला सांगा.

---

सह्यवारा | १:०३

अभिनंदन. जुलैत २०० ची बीआरएम करू, मी बरोबर येतो. माझी अर्धवट राहिलेली वाट आहे ती.

---

टेकडीवाला | १:१०

टायर किती जाड, हवा किती भरलीय?

---

चाकोरी | १:१४

२८ चे. दोन्हीकडे १०० पीएसआय. टायरवर कमाल तेवढीच लिहिलीय म्हणून.

---

टेकडीवाला | १:१६

कमाल म्हणजे तेवढी भरायची असं नाही हो! तुमच्या वजनाला मागे ८०, पुढे ७५. आज संध्याकाळीच कमी करा आणि उद्या त्याच रस्त्याने जा. नांदेड सिटीच्या पुढचे खड्डे निम्मे झालेले दिसतील.

---

मिस्त्री_करवीर | १:३०

टेकडीवाल्यांचं ऐका. आणि दीडशे किलोमीटर झाले की सर्व्हिसला जा, विसरू नका.